फ्लायव्हीलवरही आकडा ओता

क्लच बदलल्याचं बिल कधी नीट वाचलंय का? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, गिअर ऑइल, मजुरी. संपलं. ज्या बिडाच्या चाकावर ही नवी प्लेट इथून पुढं घासणार आहे, त्या फ्लायव्हीलचा बिलात पत्ता नसतो. असलाच तर ‘फ्लायव्हील फेसिंग’ एवढं लिहून पुढं सातशे-आठशेचा आकडा. का घासलं, किती घासलं, घासल्यावर जाडी किती उरली, यातलं एक अक्षर नाही. फ्लायव्हीलला हातच न लावणारा मेस्त्री आणि दर वेळी डोळे झाकून फेसिंगला पाठवणारा मेस्त्री, या दोघांत मला फारसा फरक वाटत नाही. दोघांनीही मोजलेलं नसतं.

हे लिहिणं माझ्याच गल्ल्याच्या विरोधात जातं, याची मला कल्पना आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात आमचं ग्राइंडिंगचं छोटं वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी ते ऑइल इंजिनांच्या कामावर उभं केलं. मी आधी हिशेबाच्या वह्या बघायला बसले आणि कारागीर टिकेनात म्हणून मशीनवर उभी राहिले. आज फ्लायव्हील फेसिंग हे आमचं रोजचं काम आहे. दुपारी तीन-चारच्या सुमाराला स्कूटरच्या पायदानावर फ्लायव्हील ठेवून एखादं पोरगं येतं आणि म्हणतं, “वैनी, एक हात मारून द्या की, गाडी सांच्याला द्यायची हाय.” एक हात म्हणजे किती, हे त्याला मेस्त्रीनं सांगितलेलं नसतं. मेस्त्रीलाही कुणी सांगितलेलं नसतं.

सासऱ्यांच्या काळातलं फ्लायव्हील वेगळं होतं. विहिरीवर पाणी उपसणारं किंवा गुऱ्हाळात चरक फिरवणारं इंजिन एका सिलिंडरचं. पिस्टनच्या चार धावांपैकी एकाच धावेत ताकद मिळायची, उरलेल्या तीन धावा त्या जड चाकाच्या गतीवर निभावायच्या. म्हणून चाक अवाढव्य लागायचं. मोटारीच्या चार सिलिंडरच्या इंजिनाला दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो, त्यामुळं तिचं फ्लायव्हील आटोपशीर असतं. पण त्याच्यावर आणखी दोन कामं येऊन पडतात. कडेच्या दातांवर स्टार्टर इंजिन फिरवतो आणि सपाट तोंडावर क्लच प्लेट दाबली जाते. माझं सगळं म्हणणं या तोंडाबद्दल आहे.

पहिला गिअर टाकून तुम्ही क्लचवरचा पाय उचलायला लागता, तेव्हा इंजिन मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेत असतं आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबलेला असतो. दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेट घसरत राहते आणि त्या घसरण्याची उष्णता होते. प्लेटच्या अस्तराला उष्णता फारशी घेता येत नाही. ती एका बाजूनं प्रेशर प्लेट घेते, दुसऱ्या बाजूनं फ्लायव्हील. सपाट रस्त्यावर हा खेळ सेकंद-दोन सेकंदांचा. चैत्र यात्रेत जोतिबाच्या डोंगरावर तो तासाचा होतो. पुढची गाडी चार फूट सरकते, आपण चार फूट सरकतो, आणि चढावर हँडब्रेक ओढायचा सोडून लोक अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरतात. यात्रेनंतरच्या आठवड्यात आमच्याकडं येणाऱ्या फ्लायव्हीलांचा वास मी डोळे मिटून ओळखीन. करूळ आणि आंबा घाटांतून कोकणात माल नेणाऱ्या टेम्पोंची तीच कथा, फक्त त्यांना यात्रेची वाट बघावी लागत नाही.

या उष्णतेनं बिडाचं काय होतं, ते सगळ्यांत महत्त्वाचं आहे आणि गॅरेजमध्ये तेच कुणी सांगत नाही. फ्लायव्हीलच्या बिडात साधारण तीन-साडेतीन टक्के कार्बन असतो. तो बऱ्यापैकी ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असल्यानं बीड घासायला गुणी असतं. पण पृष्ठभागावरचा एखादा ठिपका सव्वासातशे-साडेसातशे अंशांच्या पुढं तापला आणि मागच्या थंड धातूनं त्याची उष्णता झटक्यात ओढून घेतली, की त्या जागेला पाणी दिलं जातं. लोहार कोयत्याला देतो तेच पाणी, इथं पाण्याशिवाय. धातुशास्त्राच्या पुस्तकात त्या रचनेला मार्टेन्साइट म्हणतात. तो ठिपका आजूबाजूच्या बिडापेक्षा कितीतरी कडक होतो आणि किंचित फुगतोही. काही मायक्रॉनच, पण तेवढं पुरतं. वर आल्यामुळं प्लेट आधी त्यालाच टेकते, म्हणून तोच जास्त तापतो, म्हणून आणखी कडक होतो. एकदा हे चक्र सुरू झालं की पहिल्या गिअरमध्ये गाडी थरथरत उठते. ग्राहक म्हणतो इंजिनचं माउंटिंग गेलं. माउंटिंग बदललं जातं. थरथर राहते.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. निळा डाग दिसला की फ्लायव्हील गेलं, असं नाही. निळा रंग तीनशे अंशांच्या आसपासही येतो. तो वरचा ऑक्साइडचा थर असतो आणि पुष्कळदा पहिल्या घाशीतच निघून जातो. खरी परीक्षा कानशीची. चांगली कानस डागावरून ओढा. बीड चावलं गेलं तर काळजी नाही. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर तिथं कडक ठिपका आहे, आणि तो वरून दिसतो त्यापेक्षा खोल असू शकतो. मग लेथवर फेस मारून भागत नाही. लेथचं टूल मऊ बीड कापतं आणि कडक ठिपक्यापाशी किंचित उचललं जातं. वरून चकचकीत दिसतं, हात फिरवला तर टेकडी हाताला लागते. ग्राइंडिंगचा दगड मऊ आणि कडक दोन्ही सारखंच कापतो. माझ्या मशीनची जाहिरात करते आहे असं वाटेल, पण ज्यांच्याकडं फक्त लेथ आहे असे उद्यमनगरातले शेजारीच असे नग माझ्याकडं पाठवतात.

भेगांबाबत मात्र तडजोड नको. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक रेषा घासल्यावर जातात. ज्या जात नाहीत, बोल्टच्या भोकाकडं किंवा बाहेरच्या कडेकडं धावतात, त्या दिसल्या की फ्लायव्हील भंगारात. मिनिटाला तीन-चार हजार फेरे घेणारं चाक तुमच्या पायांपासून फार लांब नसतं.

फेसिंगला पाठवायचं की नाही, हे ठरवायला लागतं तरी काय? एक सरळ पट्टी, एक फिलर गेज, एक डायल गेज. पट्टी तोंडावर आडवी ठेवून खालून उजेड दिसतो का बघायचं. जुनं फ्लायव्हील मध्ये किंवा कडेला खोल गेलेलं असतं. खोलगट झालेल्या तव्यावर भाकरी कडेनंच भाजते, तशी नवी प्लेट मग एका कड्यावरच टेकते आणि तिथंच जळते. त्यानंतर फ्लायव्हील इंजिनावर असतानाच डायल गेज लावून एक फेरा फिरवायचा. बऱ्याच गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या वर डगमग चालत नाही. फिरवताना क्रँक एकाच बाजूला दाबून धरायचा, नाहीतर त्याची स्वतःची पुढं-मागं हालचाल गेजवर दिसते आणि चांगलं फ्लायव्हील वाकडं ठरतं. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मी ओळखते त्यातल्या निम्म्या मेस्त्रींकडं डायल गेज आहे. तो खोक्यात तेलकट फडक्यात गुंडाळलेला असतो.

आणि मोजल्यावर सगळं ठीक निघालं तर? तर घासू नये. तोंड सपाट आहे, कडक ठिपके नाहीत, डगमग मर्यादेत आहे, तर पॉलिश पेपरनं जुनी चकाकी मोडायची, थिनरनं किंवा ब्रेक क्लीनरनं पुसायचं, तेलाचा हात लावायचा नाही आणि नवी प्लेट चढवायची. बीड काही परत उगवत नाही. आज काढलेलं ०.३ मिलिमीटर पुढच्या क्लचच्या वेळी कमी पडू शकतं. “नवीन प्लेट घेतली, मग फेसिंग तर करायलाच पाहिजे” असं ठासून सांगणाऱ्यांना मी म्हणूनच आधी पट्टी लावून दाखवते आणि कधी कधी काम न करताच परत पाठवते. पोरगं चक्रावतं. मेस्त्रीचा फोन येतो, वैनी काय झालं, लाइट गेली काय?

उलटं उदाहरणही सांगते, कारण ते जास्त वेळा घडतं. भुदरगड तालुक्यातले एक शिक्षक गाडी घेऊन आले होते. क्लच नवा, गाडी मात्र पहिल्यासारखीच थरथरणारी. गॅरेजनं आधी प्लेट डुप्लिकेट निघाली म्हणून बदलली, मग प्रेशर प्लेटची फिंगर कमी-जास्त आहेत म्हणून तीही बदलली. दर वेळी गिअरबॉक्स खाली, दर वेळी दिवस गेला. फ्लायव्हील माझ्याकडं आलं तेव्हा पट्टीखालून साधा ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता. सर शांत माणूस. ते एवढंच म्हणाले, की वर्गात पोरगं फूटपट्टी न लावता रेघ मारतं तेव्हा आम्ही त्याला उभं करतो.

पैशाचा हिशेबही सरळ आहे. आमच्या भागात छोट्या गाडीचा क्लच सेट चार-सहा हजारांत येतो. गिअरबॉक्स उतरवून चढवायची मजुरी त्याच्या निम्मी तरी होते. फेसिंग हजाराच्या आत. ज्या कामात सगळी मेहनत गिअरबॉक्स खाली घेण्यात आहे, त्यात खाली घेतल्यावर पंधरा मिनिटं वाचवणं ही काटकसर नव्हे. फ्लायव्हील काढलंच आहे तर क्रँकच्या मागचं ऑइल सीलही बघावं. ते गळत असेल तर नव्या प्लेटवर तेल येतं आणि मग फेसिंगला शिव्या पडतात.

दोन पेडलच्या गाड्यांचे मालक हे सगळं वाचून निश्चिंत होतात, म्हणून त्यांच्यासाठी एक वाक्य. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर एएमटी आपल्याकडं स्वस्तात आली. तिच्यात क्लचचं पेडल नाही, क्लच आहे. तोच, तसाच, आणि चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरलीत तर तोही जळतो.

आमच्या बाजूच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. सगळी फ्लायव्हीलं सपाट नसतात. काहींत प्लेट घासते तो भाग आणि प्रेशर प्लेट बोल्टनं बसते ती कड यांच्यात पायरी असते. पायरीची उंची ठरलेली असते, कारण त्यावर प्रेशर प्लेटचा दाब ठरतो. आतला भाग ०.४ मिलिमीटर उतरवला तर कडही तेवढीच उतरवायला लागते. नाहीतर स्प्रिंग पुरेशी दाबली जात नाही आणि नवाकोरा क्लच घाटात घसरतो. हे न करणारी मशीन शॉप्स आहेत, भरपूर आहेत. डॉवेल पिना न काढताच पिनांच्या भोवतीनं घासणारी आहेत. क्रँकवर बसणारी मागची बाजू नीट न पुसता नग मशीनवर ठेवणारी आहेत. तिथं एक कीस राहिला तरी तोंड तिरकं घासलं जातं आणि जी डगमग काढायला आलो तीच हातानं घालून देतो. म्हणून मशीन शॉपलाही कागद मागा. किती काढलं, किती उरलं, पायरी किती ठेवली.

बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत तर प्रश्नच वेगळा असतो. तिथं ड्युअल मास फ्लायव्हील असतं. दोन चाकं एकात एक, मध्ये कमानीसारख्या लांब स्प्रिंगा आणि ग्रीस, इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत पोचू नयेत म्हणून. बहुतेक बनवणारे ते घासायला मनाई करतात आणि मी ते घेत नाही. त्याचं तोंड चांगलं असलं तरी आतल्या स्प्रिंगा ढिल्या झालेल्या असू शकतात. दोन चाकं एकमेकांवर किती अंश फिरतात आणि किती डुलतात, हे मोजून त्याचा निकाल लागतो. ते बदलायचा खर्च पंचवीस-तीस हजारांच्या पुढं जातो. म्हणून काहीजण ते काढून साधं एकसंध फ्लायव्हील बसवतात. पैसे वाचतात, पण जे धक्के स्प्रिंगा खात होत्या ते आता गिअरचे दात खातात. माझ्या मते मालगाडीला एकवेळ चालेल, घरच्या गाडीला नको.

आता मुद्द्यावर येते. मेस्त्री मोजत नाही, हे खरं. पण मोजून तो तुलना कशाशी करणार? या मॉडेलचं फ्लायव्हील कमीत कमी किती जाडीपर्यंत चालतं, हा आकडा त्याच्याकडं नसतो. माझ्याकडंही बऱ्याचदा नसतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला मॅन्युअल मिळतं, रस्त्यावरच्या गॅरेजला नाही. ही काही माझी एकटीची रड नाही. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला तो याच कारणासाठी. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणानं मिळू दिली नाहीत, असा ठपका होता. पुढं प्रकरण अपिलांत गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं आणि शेतीची अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारींनाही त्यात जागा दिली. हेतू चांगला. पण उद्यमनगरात संध्याकाळी पाच वाजता, हातात ग्रीस, समोर गाडी उचलून ठेवलेली, अशा वेळी पोर्टल कोण उघडतं?

कंपन्या म्हणतील, आम्ही काही मॉडेलमध्ये फेसिंगला परवानगीच देत नाही. ठीक आहे. कारण असेल तर मान्य. काही फ्लायव्हीलांवर क्रँक सेन्सरची रिंग असते, काही आधीच पातळ असतात. मग तसं स्पष्ट कळू द्या. कारण कळलं नाही की मेस्त्री घासतोच, मी नाही घासलं तर शेजारी घासतो.

ब्रेकच्या डिस्कचं बघा. तुमच्या गाडीचं पुढचं चाक काढा आणि डिस्कची कड किंवा मधला भाग पुसा. कमीत कमी जाडी किती, ते इंग्रजी अक्षरांत ओतलेलं किंवा कोरलेलं बहुतेक वेळा सापडेल. ब्रेक ड्रमवर तसाच जास्तीत जास्त व्यासाचा आकडा असतो. त्यामुळं डिस्क घासायला आली तर मला कुणाला फोन करावा लागत नाही. मापते, आकड्याशी जुळवते, घासते किंवा टाकून देते. तीच गाडी, तेच बीड, तसाच घासण्याचा धंदा, आणि फ्लायव्हीलवर मात्र असा आकडा मी क्वचितच पाहिला आहे.

कोल्हापूरच्या परिसरात शेकडो फाउंड्र्या आहेत. शिरोलीत, गोकुळ शिरगावात मोटारींचे ओतीव भाग रोज ओतले जातात. तिथल्या पॅटर्न बनवणाऱ्याला विचारा. पॅटर्नवर चार अक्षरं आणि तीन आकडे बसवायला किती वेळ लागतो? काम एकदाच करायचं, मग प्रत्येक नगावर ते आपोआप उमटतं. भाग क्रमांक तर ओततातच, बरेचदा ओतल्याची तारीखही. त्याच्या शेजारी किमान जाडी ओता. पायरी असेल तर पायरीची उंची ओता. घासायचंच नसेल तर फुली ओता, उद्यमनगरातल्या प्रत्येक पोराला फुली वाचता येते.